दोन्ही बाजू आणि न आलेली गाडी



२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमेरिकेचं सरकार ४३ दिवस बंद पडलं होतं. तेव्हा आपल्या हुबळी-धारवाडच्या किती घरांतून तिकडं फोन जात होते ते आठवून बघा. कुणाचा मुलगा, कुणाची भाची, कुणाचा जावई तिकडं. "तुझा पगार चालू आहे ना रे?" हा पहिला प्रश्न, आणि "पण सरकार बंद म्हणजे नक्की काय?" हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकांना एकच उत्तर मिळालं, "दोन्ही पक्ष भांडतायत, दोघंही सारखेच." टीव्हीवरही बरंचसं तेच.

हे वाक्य आपल्याला नवीन नाही. रेल्वेच्या पगारावर हुबळीत वाढलेल्या मराठी घरांनी ते १९७४ च्या मे महिन्यापासून ऐकलंय, आणि आपणच ते भरपूर बोललोयही. आजचं लिखाण त्या मे महिन्याबद्दल आहे आणि या वाक्याखाली काय झाकलं गेलं त्याबद्दल. नव्या पिढीला यातलं फारसं माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. हुबळीला रेल्वे आली ती १८८० च्या दशकात, आणि कंपनीचं नावच होतं सदर्न मराठा रेल्वे. गदग रोडवरचं वर्कशॉप त्याच काळातलं. पुढं १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेत मिसळून मद्रास अँड सदर्न मराठा झाली, स्वातंत्र्यानंतर सदर्न रेल्वे, आणि १९६६ पासून आपला हुबळी विभाग साउथ सेंट्रल रेल्वेत गेला. साउथ वेस्टर्न रेल्वेचं मुख्यालय हुबळीला आलं ते फार नंतर, २००३ मध्ये. या सगळ्या नावांच्या बदलात आपली माणसं फिटर, फायरमन, गार्ड, कारकून, तिकीट तपासनीस म्हणून टिकून राहिली. घरात मराठी, गल्लीत कन्नड, कामावर इंग्रजी-हिंदी-तेलुगू. कामाच्या ठिकाणी कोण कुठल्या भाषेचा हे बघायला फुरसत नव्हती, कारण इंजिनाला भाषा नसते.

धारवाड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचं कर्नाटक असं नामकरण झालं १ नोव्हेंबर १९७३ ला. म्हणजे संपाचा मे महिना उजाडला तेव्हा त्या नावाला जेमतेम सहा महिने झाले होते. मराठी घरं तशीही जपून बोलायला शिकली होती. हे लक्षात ठेवा, पुढं त्याचा संबंध येतो.

आता १९७४. देशभर रेल्वेत सुमारे १७ लाख माणसं कामाला होती. महागाई इतकी की पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नव्हता. मागण्या साध्या होत्या. इतर सरकारी उद्योगांतल्या कामगारांसारखा बोनस मिळावा. पगार त्यांच्या बरोबरीनं असावा. महागाई भत्ता वाढत्या किमतींप्रमाणं मिळावा. आणि कामाचे तास आठ असावेत. शेवटची मागणी आज वाचताना विचित्र वाटते, आठ तास तर सगळीकडेच असतात. पण इंजिनावरच्या माणसांच्या ड्यूटीचं गणित इंग्रजांच्या काळापासून वेगळं होतं. गाडी जिथं पोचेल तिथं ड्यूटी संपायची. बारा-चौदा तास कोळशाच्या इंजिनासमोर उभं राहणं ही नेहमीची गोष्ट होती. रेल्वेतली जुनी माणसं सांगायची की घरात पोरं झोपल्यावर बाप यायचा आणि उठायच्या आत जायचा.

ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकारानं अनेक संघटनांची एक समन्वय समिती झाली आणि ८ मे पासून संपाची नोटीस दिली गेली. दुसरी मोठी संघटना, काँग्रेसच्या बाजूची नॅशनल फेडरेशन, संपाबाहेर राहिली. पंतप्रधान इंदिरा गांधी, रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्रा. बोलणी चालू होती. आणि बोलणी चालू असतानाच २ मे ला फर्नांडिस यांना लखनौत अटक झाली. संप सुरू व्हायला अजून सहा दिवस होते.

ही तारीख नीट लक्षात ठेवा, कारण "दोन्ही बाजूंनी ताणलं आणि तुटलं" असं जे आपण म्हणत आलो, त्यात ही तारीख कुठंच बसत नाही. एका बाजूनं नोटीस दिली होती. दुसऱ्या बाजूनं बोलणी करायला बसलेल्या माणसालाच तुरुंगात टाकलं. या दोन गोष्टी तराजूच्या दोन पारड्यांत सारख्या वजनाच्या आहेत का, ते तुम्हीच ठरवा.

८ मे ला संप झालाच. २७ मे ला तो मागं घेतला गेला. वीस दिवस. सरकारनं तो बेकायदा ठरवला होता. मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली देशभर हजारोंची धरपकड झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, बऱ्याच ठिकाणी रेल्वे क्वार्टर्समधून बायकामुलांना बाहेर काढलं गेलं, गाड्या चालवायला टेरिटोरियल आर्मी आणली. ज्यांच्या नोकऱ्या राहिल्या त्यांच्यातल्या अनेकांच्या सेवेत खंड धरला गेला. पेन्शन, बढती, सगळ्यावर त्याची सावली पडली.

आता मुद्द्याची गोष्ट. ही बातमी आपल्यापर्यंत पोचत कशी होती?

एक होता रेडिओ. धारवाड आकाशवाणी १९५० पासूनची, आणि आकाशवाणी म्हणजे तेव्हा सरकारी खातं. प्रसार भारती वगैरे सगळं नंतरचं, १९९७ चं. म्हणजे संपात जी एक बाजू होती, तिच्याच हातात बातमीपत्र. दुसरे होते पेपर. हुबळीहून निघणारा 'संयुक्त कर्नाटक', बेळगावचा 'तरुण भारत', आणि पुण्या-मुंबईचे पेपर एखाद दिवस उशिरानं. यातली गंमत बघा, पुण्याचे पेपर यायचेच मुळी रेल्वेनं, मिरजेला गाडी बदलून. ज्या गाड्या चालू आहेत की बंद हे पेपरात वाचायचं, त्याच गाड्यांनी तो पेपर यायचा! पेपर आला नाही हीच खरी बातमी होती, ती कुठं छापायची गरजच नव्हती.

एकाच पेपराला दोष द्यायचा नाही, ही सवय तेव्हाही सगळ्यांची होती आणि आजही आहे. संपाची किंवा बंदची बातमी कशी लिहितात ते आपल्याला पाठ आहे. पहिल्या परिच्छेदात संघटनेचा दावा, संप यशस्वी. दुसऱ्या परिच्छेदात सरकारचा दावा, बहुसंख्य कर्मचारी कामावर हजर. आणि वर मथळा, "संपाला संमिश्र प्रतिसाद". झालं, वार्ताहर मोकळा. दोघांचंही छापलं, कुणी रागवायला नको. पण वाचणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते, उद्या गाडी मिळेल का? ती नेमकी त्या बातमीत नसते.

आणि या दोन दाव्यांत एक चलाखी असते, ती रेल्वेतल्या माणसालाच कळते. उदाहरणासाठी समजा, एका ठिकाणी १०० माणसं आहेत. त्यातली ७० हजर आहेत, कारकून, भांडारवाले, शिपाई, तपासनीस. पण ड्रायव्हर, फायरमन, गार्ड आणि केबिनमधला माणूस नाही. सरकार म्हणणार ७० टक्के हजर, आणि ते खोटं नाही. संघटना म्हणणार संप यशस्वी, तेही खोटं नाही. पेपर म्हणणार संमिश्र. आणि गाडी? गाडी जागची हललेली नाही. हजेरीचा आकडा हा गाडीचा आकडाच नव्हे. ज्याला खरं शोधायचं आहे त्यानं स्टेशनावर जाऊन फलाटावर उभं राहायचं आणि मोजायचं, वेळापत्रकात किती गाड्या आणि आल्या किती. ते कुणाचं मत नसतं, बाजू नसते. गाडी एक तर येते किंवा येत नाही.

त्यातच १८ मे ला पोखरणला अणुचाचणी झाली. संपाचा तो अकरावा दिवस. देशभर अभिमानाची लाट, आणि ते साहजिकच होतं. पण पहिल्या पानावरची जागा एका दिवसात गेली. तुरुंगात असलेली माणसं आत होती तिथंच होती, फक्त त्यांची बातमी आतल्या पानावर गेली. दोन बाजूंना सारखी जागा द्यायची म्हटली तरी पानावर जागा उरायला हवी ना. आणि ज्या बाजूचे पुढारी तुरुंगात, त्यांचं म्हणणं विचारायला वार्ताहर जाणार कुणाकडं? कोठडीच्या किल्ल्या, रेडिओ, क्वार्टर्सच्या चाव्या, पगाराचं रजिस्टर, हे सगळं एका बाजूकडं. दुसऱ्या बाजूकडं एकच गोष्ट होती, कामावर न जाणं. अशा दोघांना समोरासमोर बसवून "दोन्ही बाजू ऐकल्या" म्हणणं म्हणजे तराजू सरळ धरला असं वाटतं खरं, पण एका पारड्याखाली कुणाचा तरी हात आहे हे दिसत नाही.

हे घराघरांत कसं उतरलं ते सांगतो. आमच्याच घरात दोन काका रेल्वेत. थोरले संपावर राहिले, वीसही दिवस. धाकटे कामावर गेले, कारण घरात लग्नाला आलेली बहीण होती आणि त्यांची स्वतःची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. दोघं एकाच माडीवर राहायचे. पुढं कित्येक वर्षं दोघांतलं बोलणं आजीमार्फत चालायचं. "त्याला विचार, दळण आणलंय का." "सांग त्याला, आणलंय." कुणी विचारलं तर आजी म्हणायची, "दोघांचंही थोडं थोडं चुकलं, दोघांचंही थोडं थोडं बरोबर." त्या एका वाक्यावर तिनं घर सांभाळलं. एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांना असंच सांभाळावं लागतं, त्यात काही खोट नाही.

पण आजीचं वाक्य घरापुरतं होतं. ते आपण इतिहासाला लावलं. गणपतीत, लग्नकार्यात १९७४ चा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचं, "जाऊ दे हो, सरकारचंही बरोबर होतं आणि संपवाल्यांचंही," आणि पान पुढं सरकायचं. धाकट्या काकांची अडचण खरी होती आणि थोरल्यांचा निश्चयही खरा होता. माणसं दोन्ही समजून घेतलीच पाहिजेत. पण बोलणी चालू असताना अटक कुणी केली, इंजिनावर माणूस किती तास उभा राहायचा, क्वार्टर्समधून कुणाची बायकापोरं बाहेर पडली, या प्रश्नांना थोडं थोडं बरोबर असं उत्तर नसतं. त्यांना एकच उत्तर असतं आणि ते शोधता येतं.

पुढचा इतिहासच बघा. १९७७ मध्ये सरकार बदललं आणि रेल्वेमंत्री झाले आपले मधू दंडवते. १९७४ च्या संपात नोकऱ्या गेलेल्यांना त्यांनी परत कामावर घेतलं. आणि ज्या बोनसला देशाला परवडणार नाही म्हणून नकार मिळाला होता, तो रेल्वे कामगारांना १९७९ मध्ये उत्पादकतेशी जोडून मिळू लागला. आज दसऱ्याच्या आधी रेल्वेच्या घरांत जो बोनस येतो, त्याचा उगम तिथं आहे. पाच वर्षांत देश बुडाला नाही की परवडेनासं झालं नाही. मग त्या वीस दिवसांत "परवडत नाही" हा दावा आणि "परवडतो" हा दावा यांचा हिशोब कागद काढून कितीजणांनी तपासून छापला होता? दावे छापायला सोपे असतात, हिशोब तपासायला वेळ लागतो.

आता अमेरिकेकडं येऊ, म्हणजे सुरुवातीच्या फोनचा उलगडा होईल. आपल्याकडं बजेट अडलं म्हणून कचेऱ्यांना कुलूप लागत नाही. राज्यघटनेत लेखानुदानाची सोय आहे, म्हणजे पूर्ण बजेट मंजूर होईपर्यंत खर्चाला आगाऊ परवानगी. आणि पैशाच्या मागणीवर लोकसभेत सरकार हरलं तर कचेरी बंद होत नाही, सरकारच जातं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि संसद वेगवेगळे निवडून येतात, कुणी कुणाला पाडू शकत नाही. पूर्वी तिथंही मंजुरीला उशीर झाला तरी कामं रेटून चालायची. १९८० मध्ये तिथल्या ॲटर्नी जनरल सिव्हिलेटी यांनी मत दिलं की मंजुरी नसेल तर कायद्यानं बहुतेक काम थांबवावंच लागेल. तेव्हापासून हे बंद सुरू झाले. १९९५-९६ च्या हिवाळ्यात २१ दिवस, २०१३ मध्ये १६ दिवस, २०१८-१९ मध्ये ३५ दिवस, आणि २०२५ मध्ये ४३.

प्रत्येक वेळी बातमी मात्र एकाच साच्यातली, वॉशिंग्टनमध्ये दोन्ही पक्ष अडून बसले. पण प्रत्येक वेळची गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं की सीमेवरच्या भिंतीसाठी सरकार बंद करायला लागलं तर त्याची जबाबदारी आपण घेऊ. भिंतीच्या पैशाशिवायचं तात्पुरतं विधेयक सिनेटनं मंजूरही केलं होतं. त्यानंतर सुमारे ८ लाख कर्मचारी पगाराविना राहिले. ज्यानं स्वतः जबाबदारी घेतली, त्याची आणि समोरच्याची चूक समसमान वाटून देणारी बातमी निष्पक्ष कशी म्हणायची? उलट २०२५ मध्ये गोष्ट निराळी होती. सत्तारूढ रिपब्लिकनांचं तात्पुरतं विधेयक सिनेटात ६० मतांशिवाय पुढं जाईना, आणि आरोग्य विम्याच्या अनुदानाची मुदत वाढवल्याशिवाय डेमोक्रॅट मत देईनात. तिथं कोण किती चुकलं याचा हिशोब २०१८ च्या हिशोबावरून करता येत नाही, पुन्हा नव्यानं करावा लागतो. "दोघंही सारखेच" म्हटलं की तो हिशोब करायचे कष्ट वाचतात, एवढाच त्या वाक्याचा उपयोग. अमेरिकेतल्या काही पत्रकारांनीच या सवयीवर टीका केलीय. 'द अटलांटिक'चे जेम्स फॅलोज यांनी तर २०१३ च्या बंदच्या वेळी या खोट्या समतोलावर सातत्यानं लिहिलं.

आपल्याकडची अलीकडची दोन उदाहरणं देतो, दोन्ही तुम्ही स्वतः पाहिलेली. पहिलं, एप्रिल २०२१ चा बस संप. ७ एप्रिलला सुरू झाला आणि २१ एप्रिलला संपला. आपल्या वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाचं मुख्यालय हुबळीतच, गोकुळ रोडला. मागणी होती सहाव्या वेतन आयोगाप्रमाणं पगाराची, सरकार ८ टक्के अंतरिम वाढ देऊ म्हणत होतं. पगार किती असावा हा खरोखरच दोन बाजूंचा प्रश्न आहे. महामंडळाचा तोटाही खरा, चालक-वाहकाची ओढाताणही खरी. तिथं दोघांचं म्हणणं शेजारी शेजारी छापणं योग्यच. पण आज नवलगुंदला, कलघटगीला किती बस गेल्या, हा दोन बाजूंचा प्रश्न नाही. स्टँडवर खाजगी गाड्या उभ्या केल्या होत्या. त्या मोजल्या तर प्रवासाची सोय आहे, न मोजल्या तर संप कडकडीत. बाजूला पिशवी घेऊन उन्हात बसलेल्या म्हातारीला विचारलं असतं तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं.

दुसरं, १ मार्च २०२३. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद केलं. सरकार बंद म्हणजे काय हे आपण त्या दिवशी घरबसल्या बघितलं, कचेऱ्या, शाळा, दवाखान्यांचे बाह्यरुग्ण विभाग. मुख्यमंत्री होते बसवराज बोम्मई, आपल्या हुबळीचेच. त्याच दिवशी १७ टक्के अंतरिम वाढीचा आदेश निघाला आणि संप मागं घेतला गेला. मागणी ४० टक्क्यांची होती. एका दिवसात निघणारा आदेश आधी का निघाला नाही, हा प्रश्न दावा आणि प्रतिदावा छापून सुटत नाही. तो सरकारी फाईल बघूनच सुटतो.

आता शेवटचं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. "दोन्ही बाजू" ही आपल्या हुबळी-धारवाडच्या मराठी माणसांची खास सवय आहे, आणि ती कशी लागली हेही मला कळतं. सीमेचा प्रश्न तापला की बेळगावकडचे नातेवाईक एक सांगायचे, शेजारचे दुसरं. दोघंही आपलेच. मुलं कन्नड शाळेत, पत्रिका मराठीत, देवघरात विठोबा आणि श्रावणात सिद्धारूढ मठाला जाणं. अशा घरानं "दोघांचंही बरोबर" म्हटलं नसतं तर जगणं अवघड झालं असतं. ही आपली शहाणपणाची रीत आहे, मला तिचा अभिमानच आहे. पण रीत वेगळी आणि नोंद वेगळी. घरात मन राखायचं असतं, नोंदीत तारीख राखायची असते. आपण मन राखता राखता तारखा घालवल्या, आणि मग पोरं विचारतात तेव्हा आपल्याजवळ सांगायला काही उरत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. ज्यांच्या घरात १९७४ ला रेल्वेतली माणसं होती, त्यांनी खाली लिहा. कामावर गेले त्यांचंही लिहा, गेले नाहीत त्यांचंही लिहा, दोघांनाही तितकाच मान. फक्त "काहीतरी भांडण झालं होतं" असं लिहू नका. कोण कुठल्या खात्यात होतं, ड्यूटी किती तासांची होती, कुठल्या दिवशी काय झालं, पगार कधी हातात आला, नोकरी परत मिळाली असेल तर कुठल्या साली, हे लिहा. घरात जुनी पेन्शनची कागदपत्रं असतील तर त्यात सेवाखंडाची ओळ आहे का ते बघा. ऐंशी-नव्वदीच्या घरात पोचलेली जी मंडळी आहेत, त्यांच्याजवळ या रविवारी जाऊन बसा आणि त्यांना मत विचारू नका, आधी विचारा, "त्या दिवशी गाडी आली होती का हो?"